छत्रीबंदी

बुधवार, ४

आज आत्याच्या पोटदुखीला दहापैकी दोन मार्क मिळाले, आणि तेही तिने स्वतःच दिले.

नाक्यावरच्या डॉक्टरांनी विचारले, "दहा म्हणजे तुम्ही कल्पना करू शकाल तेवढं भयंकर दुखणं. तर तुमचं किती?" आत्याने डोळे मिटले. ती कल्पना करते आहे हे मला कळत होते. डॉक्टरांना वाटले तिला डुलकी लागली. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "दोन." डॉक्टर म्हणाले, "मग एवढं काय घाबरायचं?" आणि त्यांनी आंबटपणावरचे पातळ औषध लिहून दिले.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "आत्या, दोन? काल तू जिन्यात बसून राहिली होतीस."

"मी कल्पना केली, की मी बसच्या चाकाखाली आहे, बस चालू आहे आणि ड्रायव्हर चहा प्यायला गेलाय. त्या मानानं दोनच."

यात मला चूक काढता येईना.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. वय एकोणसाठ, लग्न नाही. बसडेपोत हरवलेल्या वस्तूंची खोली तिच्याकडे आहे. लोक बसमध्ये सगळ्यात जास्त छत्र्या विसरतात, त्यामुळे घरात छत्र्यांबद्दल फार बोलले जाते. म्हणजे तीच बोलते. काल जिन्यात बसल्या बसल्याही ती मला एका दुमडत्या छत्रीचा खटका कसा अडकतो ते सांगत होती. मला उशीर होत होता, तरी ऐकले. मी दुकानांच्या पाट्या रंगवतो. शाळा नववीत सुटली, पण पाटीवर वेलांटी चुकली तर अख्खी पाटी पुन्हा रंगवावी लागते, त्यामुळे लिहिताना मी फार जपतो. इथेही जपणार आहे.

गुरुवार, ५

औषधाचा उपयोग नाही. जेवताना आत्याने घास खाली ठेवला, उजवा हात फासळ्यांखाली दाबला आणि एका काळ्या छत्रीबद्दल बोलायला लागली. बांबूचा दांडा, आठ काड्या, त्यातली एक वाकडी, कापड मात्र नवे कोरे. थांबेचना.

बाबा म्हणाले, "ताई, घास गिळ आणि छत्री मिट."

आत्या गप्प बसली. घास तसाच राहिला. पोट दुखत असताना माणसाला छत्र्या कशा सुचतात, मला नवल वाटते.

नंतर खालच्या मजल्यावरचे प्रॉम्प्टरकाका आले. त्यांनी सारा जन्म नाटकमंडळीत पडद्याआडून नटांना वाक्ये सांगितली. आता नाटके बंद झाली, सवय राहिली. समोरचा जरा अडखळला की काका हलक्या आवाजात त्याचे वाक्य पुरे करतात.

सगळे ऐकून ते म्हणाले, "डॉक्टरसमोर नटासारखं जायचं असतं. ताई गेल्या प्रेक्षकासारख्या. चेहरा कोरा, आवाज सपाट. कोण विश्वास ठेवणार? सोमवारी मोठ्या हॉस्पिटलात नंबर लावा. तोवर मी बसवून देतो."

"काय बसवून देता?" बाबांनी विचारले.

"दुखणं!"

मला ही कल्पना एकदम पटली. तालीम आमच्या घरात नवी नाही. आत्या आणि मी साधा फोन करायचा तरी आधी तालीम करतो. एकदा ती पलीकडचा माणूस होते, एकदा मी. बाबा हसतात. ते फोन उचलतात आणि सरळ बोलायलाच लागतात. मला ते रिकाम्या हाताने वाघासमोर जाण्यासारखे वाटते.

शुक्रवार, ६

पहिली तालीम. खुर्ची म्हणजे डॉक्टर, सोफा म्हणजे तपासायचा पलंग.

काकांचे म्हणणे, आत्याने "आठ" म्हणावे. आत्या म्हणाली, "मी खोटं बोलणार नाही."

"बरं, मग कण्हा तरी."

तिने विचार केला. "कण्हायला हरकत नाही. तो नुसता आवाज आहे. त्यात खरं-खोटं नसतं."

पहिले कण्हणे आले ते बिजागरीसारखे. बाबांचे कुलपे-किल्ल्यांचे दुकान आहे, ते आतल्या खोलीतून ओरडले, "कोण दार उघडतंय? तेल घाला त्याला!" आत्या इतकी हसली की सोफ्यावरून घसरली. मग हसता हसता थांबली, दोन्ही पाय पोटाशी घेतले आणि म्हणाली, "निळी होती एक, लहान मुलाची, तिच्या काडीच्या टोकाची टोपी निघालेली—"

"ताई, संहितेत छत्री नाही," काका म्हणाले.

खरेच होते. डॉक्टरांसमोर ही छत्र्या सांगत बसली तर ते पुन्हा आंबटपणाचेच औषध देतील. म्हणून मी नियम केला: सोमवारपर्यंत छत्रीबंदी. छत्री आली की मी बोट वर करणार, आत्याने थांबायचे. तिला नियम आवडतात. लगेच कबूल झाली.

रविवार, ८

काय तालीम झाली! लिहिताना अजून हसू येते आहे.

आज बाबांनीही भाग घेतला. गळ्यात किल्ल्यांचा जुडगा अडकवून डॉक्टर झाले आणि आत्याच्या पाठीला कुलूप लावून "श्वास घ्या" म्हणाले. काका सोफ्यामागे बसून सूचना देत होते, "आता 'आई गं'... आता जरा मान टाका... फार नको, मेल्यासारखं दिसतंय!" तिसऱ्या खेपेला आत्याने जे कण्हणे काढले त्याला तोड नाही. समोरच्या घरातल्या वहिनी गरम पाण्याची पिशवी घेऊन धावत आल्या. आम्ही चौघेही हसत सुटलो, आणि वहिनी पिशवी घेऊन तशाच उभ्या. शेवटी त्याही बसल्या आणि प्रयोग पुन्हा पहिल्यापासून पाहिला.

माझे वाक्य एकच आहे: "मी सोबत आलोय, मी पुतण्या." ते मी आरशासमोर पुष्कळदा म्हटले. ठीक येते.

सगळे पांगल्यावर आत्या ओट्याला टेकून उभी राहिली. कपाळ गरम लागले, पण हसून हसून आम्ही सगळेच तापलो होतो. "परवा एक आली," ती म्हणाली, "मुठीला चामडं गुंडाळलेलं—" मी बोट वर केले. थांबली. ओठ मात्र कितीतरी वेळ नुसतेच हलत होते. शिस्त चांगली बसली आहे. दोन दिवसांत तिने काही खाल्लेले नाही, ते उद्या डॉक्टरांना सांगायचे.

सोमवार, ९

सगळे क्रमाने लिहितो. घाई झाली आहे, तरी क्रमाने.

हॉस्पिटलात एका रोग्याबरोबर एकच माणूस. प्रॉम्प्टरकाका "जरा हात धुऊन येतो" म्हणून गेले ते गेलेच. आम्ही दोघे आत. डॉक्टर बाई होत्या, मध्यम वयाच्या. चष्मा कपाळावर होता आणि त्या तो टेबलावर शोधत होत्या.

आमच्या संहितेत डॉक्टरांचे पहिले वाक्य होते, "बसा, काय होतंय?" या बाई म्हणाल्या, "फार वेळ थांबावं लागलं ना बाहेर?"

आत्याने माझ्याकडे पाहिले. "हे वाक्य नव्हतं."

मीही तिच्याकडे पाहिले. तेवढ्यात पलंगाच्या हिरव्या पडद्यामागून बारीक आवाज आला, "'हो' म्हणा..."

"हो," आत्या म्हणाली.

डॉक्टरांनी पडद्याकडे पाहिले, मग आमच्याकडे. त्यांनी आत्याला पलंगावर झोपवले आणि पोटाच्या डाव्या बाजूला हात ठेवला. आत्याने कालचे ते कण्हणे काढले. बाहेरची रांग एकदम गप्प झाली.

"इथं दुखतं?"

"नाही."

"मग कण्हलात का?"

"पहिल्यांदा हात लागला की कण्हायचं ठरलंय."

"इथं नाही ताई, पुढच्या प्रवेशात!" पडदा म्हणाला.

डॉक्टरांनी पडदा सर्रकन ओढला. मागे काका, भिंतीला पाठ लावून, पोट आत घेऊन उभे.

"हे कोण?"

"प्रॉम्प्टर," आत्या म्हणाली. ती खोटे बोलत नाही.

"म्हणजे हे सगळं नाटक चाललंय?"

"हो. शुक्रवारपासून तालीम आहे."

आता आपल्याला हाकलणार, उद्या पुन्हा नाक्यावरचे डॉक्टर, पुन्हा दोन मार्क. माझ्या कानात वाऱ्यासारखे घोंगावू लागले. माझे वाक्य मी म्हणून टाकले, "मी सोबत आलोय, मी पुतण्या," पण त्याने काही फरक पडला नाही.

डॉक्टर स्टुलावर बसल्या. "नाटक कळलं. आणि दुखणं?"

"ते खरं आहे," आत्या म्हणाली. "दुखणं खरं असतं तेव्हा माझा चेहरा चालत नाही. म्हणून हे बसवलं."

डॉक्टरांनी स्टूल पलंगाजवळ ओढले. मग म्हणाल्या, "चेहरा राहू द्या. काहीच करू नका. नुसत्या पडा." आत्या डोळ्यांवर हात धरून होती, वरची दिव्याची नळी गुणगुणत होती. डॉक्टरांनी न विचारता ती बंद केली, आणि "आता उजवीकडे हात लावते हं" असे आधी सांगून हात लावला.

काही नाही. कण्हणे नाही, आई गं नाही. चेहरा धुतलेल्या ताटासारखा. "इथं तर काही दिसत नाही," म्हणत डॉक्टर हात उचलू लागल्या.

आणि मला आत्याचे ओठ दिसले. हलत होते. आवाज नव्हता. मी बोट वर केलेले नव्हते, तरी ती नियम पाळत होती.

जिन्यात छत्री. जेवताना छत्री. सोफ्यावर पाय पोटाशी घेतले तेव्हा छत्री, ओट्याशी छत्री. ती आठवडाभर कण्हतच होती की! आम्ही तिचे कण्हणे बंद केले आणि तिला दुसरे शिकवले.

"छत्रीबंदी उठली!" मी ओरडलो. "आत्या, बोल! सगळ्या छत्र्या बोल!"

डॉक्टरांनी माझ्याकडे असे पाहिले की आता मलाच झोपवून तपासतील. पुढचे मी कधीच म्हणून पाहिलेले नव्हते. तालमीशिवाय बोललो. "ती कण्हत नाही, डॉक्टर. ती छत्र्या सांगते. जितकं दुखतं तितकं बारीक सांगते. मीच तिला गप्प केलं होतं."

डॉक्टरांनी चष्मा एकदाचा डोळ्यांवर घेतला. "सांगा हो, आत्या." हात पुन्हा डावीकडे ठेवला.

"काळी छत्री," आत्या म्हणाली.

हात बेंबीजवळ आला. "काळी. लाकडी मूठ."

हात उजव्या फासळ्यांखाली गेला, आणि जे सुटले! "मूठ वाकडी, वरचं रोगण उडालेलं, दांडा पितळी, खटक्यात वाळू, काड्या आठ, तिसरीला गंज, पाचवीची शिवण उसवलेली, दोरा पांढरा, कापड काळं आणि दोरा पांढरा, कुणी शिवलं असेल असं—"

"मोठा श्वास घ्या."

तिने घेतला, अर्ध्यातच अडकला. "सहावी काडी—" आणि पुढे छत्रीही नाही.

"बस," डॉक्टर म्हणाल्या. त्या हसत होत्या आणि घाई करत होत्या, दोन्ही एकदम. फोन उचलला. पित्ताशय, सोनोग्राफी, आत्ताच्या आत्ता. काका दारातून पळत चाकांची खुर्ची आणायला गेले.

संध्याकाळी बाबा दुकान तसेच टाकून आले. "ताई, असं होतं तर सांगायचंस ना!"

"सांगत होते," आत्या म्हणाली. तिच्या हातात सलाइनची सुई होती. "तू म्हणालास, छत्री मिट."

बाबांनी किल्ल्यांचा जुडगा या हातातून त्या हातात घेतला. पुन्हा त्या हातातून या हातात. मग तिच्या पायांवरचे पांघरूण नीट केले. ते आधीच नीट होते.

मंगळवार, १०

ऑपरेशन झाले. आत्या आहे! आत्या आहे. आज अक्षर वाईट येते आहे, येऊ दे.

शुक्रवार, १३

डॉक्टर म्हणाल्या, "पित्ताशय फुटायच्या बेतात होतं. अजून दोन दिवस गेले असते तर..." त्या थांबल्या. काका हळूच म्हणाले, "...प्राणावर बेतलं असतं." बाबांनी त्यांच्याकडे असे पाहिले की काका पाणी प्यायला निघून गेले.

आत्या आणि डॉक्टरांनी मिळून दुखण्याची नवी मापे केली आहेत. मिटलेली छत्री म्हणजे काही नाही. मग खटका अडकला, मग काडी वाकली, आणि सगळ्यात वर, वाऱ्याने छत्री उलटी झाली. नर्स विचारते, "आज काय, आत्या?" आत्या म्हणते, "एक काडी," आणि गोळी मिळते. वॉर्डात हे पसरले आहे. शेजारच्या खाटेवरच्या आजी सकाळी ओरडल्या, "अगं, माझी उलटी झाली!" नर्स भांडे घेऊन धावली. "भांडं कशाला?" आजी म्हणाल्या. "छत्री! छत्री उलटी झाली!" आत्या हसता हसता टाके धरून, "हसवू नका हो, काडी वाकते!"

दुपारी डॉक्टर खुर्ची ओढून बसल्या. आत्याला लहानपणचे विचारले. दिव्यांचे, आवाजांचे, कपड्यांच्या आतल्या चिठ्ठ्यांचे. आत्या कपड्यांच्या चिठ्ठ्या कापून टाकते. मग आत्या म्हणाली की पाळी बंद व्हायच्या सुमारास सगळेच एकदम मोठ्याने ऐकू येऊ लागले, उजेडसुद्धा. (मी खिडकीबाहेर पाहत होतो.) तेव्हाच्या डॉक्टरांनी वयाचे कारण सांगितले. आत्या त्यांच्या डोळ्यांकडे न पाहता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होती, म्हणून मन उदास आहे असे ठरवून गोळ्या दिल्या. त्या तिने कितीतरी वर्षे घेतल्या. "उदास नव्हते मी," आत्या म्हणाली, "पण त्या घेतल्यावर झाले."

डॉक्टरांनी त्या गोळ्यांचे नाव लिहून घेतले. मग म्हणाल्या, "ऑटिझम हा शब्द कुणी तुमच्यासमोर कधी काढला होता? स्वमग्नता म्हणतात काही जण."

"मी कुठं स्वतःत मग्न असते?" आत्या म्हणाली. "मी छत्र्यांत मग्न असते."

डॉक्टरांनी समजावून सांगितले. हा आजार नव्हे, मेंदूची घडण वेगळी. तुमच्या वयाच्या बायकांमध्ये कुणी शोधलेच नाही, त्यामुळे पुष्कळ जणी तशाच राहिल्या. एका गप्पेवरून नक्की सांगता येत नाही, त्यातल्या जाणकार बाई आहेत, त्यांच्याकडे नीट तपासणी करू.

आत्या उठून बसली. गाल लाल झाले. "म्हणजे मी आगाऊ नव्हते? घुमी नव्हते? माणूसघाणी? आखडू?"

"नाही हो."

"एकोणसाठ वर्षं मला वाटायचं, सगळ्यांना वाचायला संहिता मिळालीय आणि माझीच कुठंतरी हरवलीय. आणि हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत मीच बसलेली!" ती हसायला लागली. हसता हसता डोळ्यांतून पाणी येत होते आणि ते ती पुसतही नव्हती. "मी अजून डेपोत सांगितलं नाही! समोरच्या वहिनींना सांगा! माझ्या शाळेच्या बाई जिवंत आहेत का बघा, त्यांना सांगा!"

नर्सने रागावून झोपवले, तरी पांघरुणाखाली तिचे हसू चालूच होते.

निघताना डॉक्टर मला म्हणाल्या, "हे तुम्ही केलंत का?" टेबलावर पाण्याचे पेले होते, ते मी लहानापासून मोठ्यापर्यंत लावले होते. मी हो म्हणालो. ते वेडेवाकडे असले की मला बोललेले ऐकू येत नाही. त्या म्हणाल्या, "तपासणीला तुम्हीही या." मी म्हणालो, सोबत यावे तर लागेलच. त्या माझ्याकडे बघून हसल्या असाव्यात. मी त्यांच्या कानातल्याकडे पाहत होतो. डोळ्यांकडे पाहिले तर तेवढेच होऊन बसते, बोलणे निसटते. फार चांगल्या बाई आहेत. माझ्या पेले लावण्याचे त्यांना कौतुक वाटले असावे.

रविवार, २२

आत्या घरी आली त्याला काही दिवस झाले. भेटेल त्याला सांगते आहे. बाबा तिच्या खोलीतला गुणगुणणारा दिवा काढून पिवळा बल्ब लावत होते, तेव्हा ती शिडीखाली उभी राहून त्यांना सांगत होती. "मला कशाला सांगतेस ताई, मी होतो की तिथं," बाबा म्हणाले. "पुन्हा ऐक," आत्या म्हणाली. त्यांनी शिडीवर उभे राहून पुन्हा ऐकले.

तपासणी उद्या आहे. आत्या म्हणाली, "मी तालीम करणार नाही. आहे तशी जाणार." मला धडकी भरली. म्हटले, मग माझी तरी घ्या. प्रॉम्प्टरकाका खुर्चीत बसून जाणकार बाई झाले.

"मी सोबत आलोय, मी पुतण्या," मी म्हणालो. उत्तम आले.

"बरं," काका म्हणाले. "आणि तुमचं काय?"

"माझं काही नाही. मी सोबत आलोय."

"फोन करायच्या आधी तालीम का करता?"

"सगळेच करतात."

बाबा कोपऱ्यात किल्ली घासत बसले होते. त्यांची कानस थांबली.

मी काकांकडे पाहिले. वाक्य मला येत नव्हते, आणि अशा वेळी ते येते कुठून हे ठरलेले आहे. काकांनी तोंड उघडले. मग मिटले. दूधवाल्याचेसुद्धा वाक्य पुरे करणारा माणूस, नुसता माझ्याकडे पाहत बसला. त्यांना बरे नव्हते की काय कळेना.

आत्या येऊन माझ्या शेजारी बसली, आम्हा दोघांना आवडते तेवढे अंतर ठेवून. "घाई नाही," ती म्हणाली.

माझ्या छातीत कसेतरी होत होते. वाईट नाही, पण फार. काय बोलावे सुचेना आणि मी लाल रंगाबद्दल बोलू लागलो. पाटीवर लाल रंग पहिल्या हातात कधीच लाल दिसत नाही, गुलाबी दिसतो, आणि लोक तिथेच घाबरतात. पण तो वाळू द्यायचा, बोट लावायचे नाही, दुसरा हात उभ्याऐवजी आडवा मारायचा, कुंचला डुकराच्या केसांचा नको, त्याचे ओरखडे राहतात... आपण भलतेच बोलतो आहोत हे मला कळत होते. थांबता येत नव्हते. आता बाबा म्हणतील, पाटी पूस.

बाबांनी कानस खाली ठेवली, हात पँटला पुसले आणि खुर्ची माझ्याकडे ओढली. "मग?" ते म्हणाले. "दुसऱ्या हातानंतर?"

सांगितले. सगळे सांगितले.

"आणि निळ्याचं?" आत्याने विचारले.

निळ्याचे सांगता सांगता जेवायची वेळ टळून गेली.